परतीचा लिफाफा

मी, वेंडेल ऑगस्ट लिंडक्विस्ट, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार सेकंड स्ट्रीट, अ‍ॅगेट कोव्ह, लेक काउंटी, मिनेसोटा, धंदा पुस्तक-प्रकाशन, त्यापूर्वीचा धंदा कविता (बंद), असे लिहून ठेवतो की आज मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणी दडपण आणावे एवढी माझी मालमत्ता नाही, हे खाली दिसेलच. मन सुदृढ असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. शरीराबद्दल तसा दाखला द्यायला ते तयार नाहीत. स्वादुपिंडात गाठ आहे आणि हातात सुमारे सहा महिने आहेत असे ते म्हणतात. मी विचारले, "सुमारे म्हणजे?" ते म्हणाले, "तुम्ही प्रकाशक ना? पुस्तक कधी निघणार असं कवीनं विचारलं की तुम्ही काय सांगता?"

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकीलबाई फिलिस ओकरलंड यांनी बजावले आहे की कलमे आटोपशीर असावीत, विनोद नसावेत आणि उपमा तर मुळीच नसाव्यात. मी प्रयत्न करीन. त्या असेही म्हणाल्या की प्रत्येक मृत्युपत्रात एकच कलम असे असते ज्याच्यासाठी माणूस लिहायला बसतो, बाकीची कलमे त्याच्यापर्यंत पोचायला टाळाटाळ म्हणून असतात. माझे ते कलम सातवे आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट तिकडे जावे. मला घाई नाही.

कलम १. घर. सेकंड स्ट्रीटवरचे राहते घर मी माझी एकुलती एक मुलगी बेथनी हिला देतो. ती अ‍ॅरिझोनात राहते, तिला इथली थंडी सोसत नाही आणि ती घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त घेणाऱ्याला तळघराची गोष्ट आधी सांगावी. पाणी तापवायच्या टाकीखाली पुस्तकांची एक चळत आहे. तो माझा पहिला आणि शेवटचा कवितासंग्रह, 'उत्तरेकडे तोंड करून बसलेल्याचे उद्गार'. मी सव्वीस वर्षांचा असताना शिकागोच्या एका प्रकाशकाने तो काढला, पाचशे प्रती. वर्षभरात त्याने प्रकाशनाचा धंदा सोडला आणि तो गालिचे विकू लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे तो मला दर नाताळच्या शुभेच्छापत्रात कळवत असे. उरलेल्या प्रती त्याने मालमोटारीने माझ्या दारात आणून टाकल्या. पुढे टाकीचा एक पाय मोडला तेव्हा त्यांतल्या चाळीस प्रती तिच्याखाली गेल्या. माझ्या कवितेने कोणाला आधार दिला असेल तर तो या टाकीला. त्या प्रती उपसू नयेत, गरम पाणी बंद होईल.

कलम २. बँकेत जे काही आहे तेही बेथनीचे. आकडा लिहीत नाही. मृत्युपत्र वाचून दाखवताना लोकांनी हसू नये, अशी माझी इच्छा आहे.

कलम ३. माझी पूर्वीची पत्नी लोरेन हल्ली डुलूथला एका छप्पर बांधणाऱ्याबरोबर सुखाने संसार करते. तिच्या घराचे छप्पर गळत नाही, हे मी स्वतः पाहून आलो आहे. तिला मी माझा टाइपरायटर देतो. आमच्या लग्नाच्या अकरा वर्षांत तो सरोवरात फेकावा असे तिला रोज वाटे. तिने तो आता फेकावा. सुपीरियर सरोवर खोल आहे, मावेल. जाताना ती मला जे म्हणाली होती ते इथे नोंदवून ठेवतो: "वेंडेल, तू भांडतानासुद्धा पहिला खर्डा बोलत नाहीस. उठून जातोस, मनातल्या मनात दुरुस्त करतोस आणि मग परत येतोस. तोवर माझा राग निघून गेलेला असतो. मला माझा रागसुद्धा वापरायला मिळत नाही." त्या वेळी मी हे वाक्य कवितेसाठी टिपून घेतले होते. कवितेत ते बसले नाही. लोरेन, तुझे खरे होते.

कलम ४. बर्फावर ओढत नेऊन आत बसून मासे धरायची माझी खोपटी, तिच्यातली शेगडी आणि नावेचे इंजिन मी माझा धाकटा भाऊ अर्ल याला देतो. अर्लचे मासेमारीच्या सामानाचे दुकान आहे. गळाला लावायच्या गांडुळांचे डबे तो स्वतः भरतो. माझ्या साहित्यिक जीवनावर त्याच्याइतकी बारीक नजर कोणत्याही समीक्षकाने ठेवली नाही. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापता कापता तो सगळ्यांसमोर विचारी, "काय कविराज, यंदा किती पुस्तकं गेली?"

"अकरा."

"वा! माझे आज सकाळपासून गांडुळांचे अकरा डबे गेले. आणि एक गिऱ्हाईक तर पुन्हा आलं."

मी त्याच्यावर मनातून जळत असे. त्याच्या गांडुळांना मासे तरी लागत. एकदा त्याच्या डब्यांवर मी एक कविताही केली. ती त्याला मी दाखवली नाही. तिचा संबंध पुढे कलम सातमध्ये येईल.

कलम ५. छापखाना. पायाने चालवायचे छपाईयंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, एकोणतीस खणवार केसेस आणि जुळणीच्या पट्ट्या. हे सगळे बंदराजवळच्या शेडमध्ये आहे. त्या शेडमध्ये पूर्वी हेरिंग मासे खारवून पिंपांत भरत असत. म्हणूनच आमच्या संस्थेचे नाव फिशहाउस प्रेस. नाव मी ठेवले नाही, वासाने ठेवले.

मी प्रकाशक का झालो, याची कथा वेगवेगळ्या समारंभांत वेगवेगळी सांगितली आहे. त्यांत मला प्रादेशिक साहित्याची तळमळ वगैरे होती. खरी हकीकत अशी की माझा दुसरा संग्रह एक्केचाळीस प्रकाशकांनी साभार परत केला. तेव्हा एक साप्ताहिक बंद पडत होते, त्यांचे यंत्र मी उचलून आणले. ठरवले की कोणी छापत नाही तर आपणच छापू. १९७७ च्या हिवाळ्यात मी माझ्याच कवितांची जुळणी सुरू केली. कागदावर लिहिताना 'अनंत' हा शब्द फुकट मिळतो. जुळवताना त्याचा एकेक खिळा त्याच्या घरातून उचलावा लागतो आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी उलटा धरून पट्टीत बसवावा लागतो. चौथ्या पानापर्यंत मी 'अनंत' नऊ वेळा उचलला. दहाव्या वेळी माझा हात केसेकडे जाईना. एक्केचाळीस प्रकाशकांनी जे पत्राने सांगितले होते ते माझ्या बोटांनी एका दुपारी ऐकले. मी सगळे खिळे सोडवले आणि आपापल्या घरांत परत टाकले.

त्याच आठवड्यात शाळेची बस चालवणाऱ्या वर्ना स्टॉलने टपालाने तिच्या कवितांची वही पाठवली. मी गमतीने पहिले पान जुळवून पाहिले. एकही खिळा उचलताना हात अडला नाही. 'थांबे' हे तिचे पुस्तक म्हणजे आमचे पहिले प्रकाशन. पुस्तकाला हेरिंगचा वास येत होता आणि वर्नाच्या मांजराने लेखिकेची प्रत खाल्ली. पण त्या दिवसापासून मी दुसऱ्यांच्या कविता छापत आलो. सत्तेचाळीस वर्षे, एकशे बारा पुस्तके.

यंत्र ज्याला हवे त्याने न्यावे. वजन साडेपाचशे किलो आहे. पाठ मोडल्यास माझी मालमत्ता जबाबदार नाही.

याच कलमात एक छोटे देणे फेडतो. न्यूयॉर्कचे थोर कवी प्रेस्टन ऑलकॉट यांचे पहिले पुस्तक आम्ही काढले. आठशे ओळींपैकी तीनशे मी कापल्या, त्या तीनशेंबद्दल जगाने माझे आभार मानायला हवेत. पुढे त्यांना मोठे बक्षीस मिळाले तेव्हा भाषणात ते म्हणाले, "सुरुवातीला कुठल्यातरी माशांच्या कोठारातून माझं काहीतरी छापलं गेलं होतं." त्या पुस्तकाची पहिली प्रत मी गेली बावीस वर्षे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली आहे. वास जसाच्या तसा आहे. ती त्यांना पोचती करावी आणि बंद खोलीत उघडण्याची विनंती करावी.

कलम ६. अंत्यविधी ल्युथरन चर्चमध्ये करावा आणि जेवण तळघरात ठेवावे. हॅमचे सँडविच, बटाट्याचे सॅलड, लिंबाच्या वड्या आणि पातळ कॉफी. कविता वाचू नयेत. लेक काउंटीत प्रौढ लोकसंख्येच्या मानाने कवी फार आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना मी कधी ना कधी नकार दिला आहे. मी उठून बोलू शकत नाही अशी संधी ते सोडणार नाहीत. अगदीच आवरेनासे झाले तर एकाने वाचावी. चर्चच्या स्वयंपाकघरात अंडी उकडायचे घड्याळ आहे, ते तीन मिनिटांवर लावून समोर ठेवावे.

कलम ७. आता टाळता येत नाही.

फिशहाउस प्रेस ही संस्था, तिचे नाव, पुस्तकांचे हक्क, हस्तलिखितांची कपाटे आणि वर चहा-कॉफीची किटली, हे सर्व मी माझी सहकारी इर्मा पेल्टोला हिला देतो. इर्मा पूर्वी या गावच्या पोस्टात होती. आमच्याकडे येणारे कवितांचे गठ्ठे तीच देत असे. १९८१ साली एके दिवशी तिने गठ्ठा काउंटरवर आदळला आणि म्हणाली, "यातलं एक पाकीट ओलं होऊन उघडलं होतं, मी वाचलं. छापू नका. माणूस आपल्या आजाराच्या प्रेमात आहे." मी ते हस्तलिखित नेऊन वाचले. तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्याच आठवड्यात मी तिला कामाला घेतले. आधी पोस्ट सुटल्यावर येई, पुढे पोस्ट सोडून पूर्णवेळ आली. तेव्हापासून आमच्याकडचे प्रत्येक हस्तलिखित आधी तिने वाचले आहे.

या व्यवसायाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कवीने हस्तलिखितासोबत स्वतःचे नाव-पत्ता लिहिलेला, तिकिटे लावलेला एक रिकामा लिफाफा जोडायचा असतो. साभार परत करायचे झाले तर प्रकाशक त्याच लिफाफ्यात घालून करतो. म्हणजे नकार येतो तो स्वतःच्याच हस्ताक्षरात. पत्रपेटी उघडली, आपले अक्षर दिसले की समजावे. ज्याचे पुस्तक स्वीकारले जाते त्याचा लिफाफा आमच्याकडे उरतो. त्याची तिकिटे आम्ही किटलीच्या वाफेवर सोडवून डब्यात ठेवतो आणि पुन्हा वापरतो. हे कायदेशीर आहे असे इर्मा म्हणते.

शेडच्या भिंतीवर मी स्वतः चार नियम छापून लावले आहेत. हस्तलिखित टपालानेच घ्यावे, हातोहात घेऊ नये. आल्या क्रमाने आकडा घालून वाचावे, नातेवाईक असो की बिशप, रांग मोडू नये, उत्तराला आठ महिने लागतील असे स्पष्ट कळवावे. पहिल्या वाचकाचा नकार अखेरचा मानावा. आणि चौथा, मनापासून वाटत असल्याशिवाय कोणालाही 'पुन्हा पाठवा' असे लिहू नये. हा चौथा नियम आहे म्हणून कवी आमच्या नकाराला मान देतात. इतक्या वर्षांत इर्माने 'पुन्हा पाठवा' हे शब्द चार जणांना लिहिले.

त्यांतला एक ऑरिन टील. ऑरिन टील म्हणजे मी.

१९९४ साली मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. हळूहळू, चोरून, पुन्हा कविता लिहू लागलो होतो. त्या कोणाला दाखवाव्यात ही अडचण होती. प्रकाशकाच्या कविता वाईट आहेत असे त्याला कोण सांगणार? ज्या ज्या कवीला दाखवल्या त्याचे डोळे भरून आले, आणि पुढच्या आठवड्यात त्याचे हस्तलिखित आले. खरे बोलणारे एकच माणूस मला माहीत होते आणि ते माझ्या समोरच्या टेबलावर बसत असे. तेव्हा मी ऑरिन टील हे नाव घेतले, बेमिजीला जाऊन टपालपेटी भाड्याने घेतली आणि पत्ता तिथल्या टपालपेट्यांच्या कारकुनाकडून लिहून घेतला, हस्ताक्षर ओळखू नये म्हणून. पाकीटही तिथूनच टाकले. बेमिजी इथून गाडीने चार तास. पुढे आठ महिने दर महिन्याला मी तिथे पेटी बघायला जात असे. इर्माला सांगितले की हिरड्यांवर इलाज चालू आहे. ती विचारी, "कशा आहेत हिरड्या?" मी गालाला हात लावून म्हणे, "सुधारतायत."

नवव्या महिन्यात पेटीत लिफाफा होता. पत्र मी इथे उतरवून ठेवतो:

'श्री. टील यांस. आपल्या कविता तीनदा वाचल्या. यातला माणूस खिडकीशी उभा राहून बाहेरच्या थंडीबद्दल लिहितो, पण खिडकी उघडत नाही. भाषा चांगली आहे, आणि तोच त्रास आहे. पान सतरावर भावाच्या गांडुळांच्या डब्यांची कविता आहे. तिथे खिडकी उघडली आहे. त्या कवितेत आपण स्वतःवर हसला आहात आणि भावावर किती माया आहे हे लपवायचे विसरलात. बाकी सदतीस कवितांत तसे झालेले नाही. याचे पुस्तक होत नाही. पुन्हा पाठवा. इ. पेल्टोला.'

मी गाडीत बसून रडलो. मग चार तास गाडी चालवून परत आलो. इर्मा म्हणाली, "हिरड्या?" मी म्हणालो, "दुखतायत."

मी पुन्हा पाठवले नाही. मला वाटले, तिने बिचाऱ्या टीलवर दया केली आणि माझाच चौथा नियम मोडला. तीस वर्षे तिच्यासमोर बसून मी हे कधी विचारले नाही, कारण विचारायचे तर टील कोण हे सांगावे लागले असते. या तीस वर्षांत माझ्याकडून अकरा कविता झाल्या. त्या गळांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात आहेत. बऱ्या की वाईट, मला ठाऊक नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता पारखल्या, आणि स्वतःच्या अकरांपुढे मी ठार आंधळा आहे. हे एक कळल्याशिवाय जायचे माझ्या जिवावर आले आहे.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर ते पत्र आणि त्या अकरा कविता इर्माला द्याव्यात. ती काय म्हणते ते ऐकायला मी नसेन. हा भित्रेपणा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे आणि तो मी शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय करत आहे.

कलम ८. वरील सात कलमे लिहून झाल्यावर हे कलम वाढवावे लागले, त्याचे कारण नोंदवतो.

वकीलबाईंचे म्हणणे पडले की संस्था जिला द्यायची तिची आधी संमती हवी. त्यांनी इर्माला कलम सातचा फक्त पहिला परिच्छेद पाठवायचा होता. त्यांच्या कचेरीने संपूर्ण कलम पाठवले. वकीलबाईंनी माफी मागितली आहे. मी ती स्वीकारली नाही, पण हल्ली थोडी थोडी स्वीकारतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इर्मा दारात उभी. हातात तिने भाजलेली पुल्ला, म्हणजे फिनलंडकडचा गोड पाव, घरभर वेलदोड्याचा वास. तिने कोट काढला नाही. टेबलावर पाव ठेवला आणि म्हणाली, "हिरड्या कशा आहेत?"

मी खुर्चीत बसलो. "म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"अरे, मी या गावच्या पोस्टाच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसले होते. १९९४ साली तेरा सेंटांचं गरुडाचं तिकीट कोण लावतं? त्याचा वरचा कोपराही फाटलेला. तो मीच फाडला होता किटलीवर, प्रेसमध्ये कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात. वर्नाच्या लिफाफ्यावरचं तिकीट होतं ते."

तिचे खरे होते. वर्ना ही आमची पहिली स्वीकारलेली कवी. तिच्या न वापरलेल्या लिफाफ्यावरचे तिकीट मी शकुनाचे म्हणून डब्यातून मुद्दाम शोधून काढले होते. पत्ता परक्या हाताने लिहवून घेतला, टपाल परगावी जाऊन टाकले, आणि परतीच्या लिफाफ्याला तिकीट घरचे लावले.

"आणि नील ब्रॅनव्होल्डचा दातांचा दवाखाना पोस्टाला लागून आहे," इर्मा पुढे म्हणाली. "त्याला विचारलं, वेंडेलच्या हिरड्यांना काय झालंय रे? तो म्हणाला, वेंडेलच्या हिरड्या घोड्याच्या आहेत."

"म्हणजे मीच आहे हे माहीत असून तू साभार परत केलंस."

"माहीत नसतं तर छापील चिठ्ठी लावून मोकळी झाले असते. त्या पत्राला मला चार दिवस लागले, वेंडेल. तीनदा फाडलं."

"पण ते 'पुन्हा पाठवा'? मला वाटलं तुला दया आली."

"दया आली असती तर पुस्तक छापलं असतं!" ती ओरडली. मग खाली बसली, तशीच कोटात. "तीस वर्षं टपालाचा गठ्ठा सोडताना मी आधी बेमिजीचा शिक्का शोधते. वेड लागल्यासारखी. टीलसाहेबांनी काही पाठवलं नाही. तू समोर बसून सँडविच खात होतास, आणि मी टीलची वाट बघत होते. मूर्ख माणसा."

मी गळांची पेटी आणली, खालचा कप्पा उघडला आणि अकरा कविता तिच्यापुढे धरल्या. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले.

"हातोहात घेत नाही. भिंतीवर लिहिलंय."

"भिंतीवर मी लिहिलंय!"

"मग तुला वाचता येत असेल," इर्मा म्हणाली. पुल्लाचा एक तुकडा माझ्यासाठी कापून ठेवून ती निघून गेली.

त्याच दुपारी अर्लने मला त्याच्या गाडीतून पोस्टात नेले. बर्फ पडलेला होता आणि मला आता पायऱ्या चढवत नाहीत, त्याने काखेत हात घालून चढवले. मी काउंटरवर परतीचा लिफाफा लिहू लागलो. या वेळी अक्षर माझे, शिक्का अ‍ॅगेट कोव्हचा, नाव वेंडेल लिंडक्विस्ट. माझ्या स्वतःच्या नावाने मी कविता पाठवल्या त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. अर्ल खांद्यावरून वाकून बघत होता. "पत्ता कबरस्तानाचा घाल," तो म्हणाला, "तिथं तरी घरात सापडशील." मग त्याने पाकीट हातात घेऊन वजन पाहिले. "यात माझ्या गांडुळांचं काही आहे का?" मी म्हणालो, "ते मागच्या खेपेला होतं. तेवढंच चांगलं निघालं." तिकिटे त्याने लावली.

चौथ्या दिवशी फिशहाउस प्रेसची छापील पोच आली: 'आपले हस्तलिखित मिळाले. क्रमांक २१४. उत्तरास सुमारे आठ महिने लागतील.' खाली इर्माची सही, दुसरे एक अक्षर नाही.

मी फोन लावला. "इर्मा, माझ्यापुढे दोनशे तेरा आहेत."

"हो."

"डॉक्टर सहा महिने म्हणतात."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "रांग मोडता येत नाही, वेंडेल. तू जगायचं बघ." आणि तिने फोन ठेवला.

तरी वकीलबाईंना माझी सूचना आहे की हे मृत्युपत्र रीतसर पूर्ण झालेले असून ते खालच्या खणात ठेवावे. कलम सातमधील 'माझ्या मृत्यूनंतर ते पत्र आणि त्या अकरा कविता इर्माला द्याव्यात' हे वाक्य मी रद्द करतो. पत्र मी माझ्याजवळ ठेवतो आहे, कविता रांगेत आहेत. मी रोज सकाळी औषधे घेतो, सूप संपवतो, डॉक्टर सांगतात तेवढे चालतो आणि इर्माला न विचारता मनात मोजतो की आज कितवे हस्तलिखित उघडले असेल. मला उत्तर हवे आहे. नकार असला तरी हवे आहे. परतीच्या लिफाफ्यावर मी घराचाच पत्ता घातला आहे, आणि टपाल आले की दार मीच उघडणार आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, नऊ ठिकाणी खोडून आणि दोन उपमा वकीलबाईंच्या नजरेतून निसटल्याची खात्री करून, खालील साक्षीदारांसमोर सही केले आहे.

स्थळ: अ‍ॅगेट कोव्ह, लेक काउंटी, मिनेसोटा
तारीख: ५ डिसेंबर २०२४

सही: वेंडेल ऑगस्ट लिंडक्विस्ट
(ऑरिन टील यांच्यातर्फेही)

साक्षीदार १: डोलोरेस मॅटसन, ल्युथरन चर्चचे स्वयंपाकघर. सही माझ्यादेखत झाली. अंड्यांचे घड्याळ चालू स्थितीत आहे, पण सध्या ते लागणार नाही असे मला सांगण्यात आले आहे.

साक्षीदार २: डॉ. नील ब्रॅनव्होल्ड, दंतवैद्य. सही माझ्यादेखत झाली. सही करणाऱ्याला मी पस्तीस वर्षे ओळखतो. त्यांच्या हिरड्यांना कधीही काहीही झालेले नाही.